सतराचा पाना आणि मक्याची सोलणी

दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी माझ्या शेडच्या दारात तीन-चार पोरं येऊन उभी राहतात. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकची फाइल. "काकू, आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी आहे." मी विचारते, कुठल्या खेड्यासाठी? मग ती एकमेकांची तोंडं बघतात. अरे, आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. इथे गुजरातेत दाहोदच्या गावाला जे चालतं ते छोटा उदेपूरला चालेल की नाही याची मला खात्री नसते, आणि तुम्ही अख्ख्या खंडाला एक यंत्र द्यायला निघालात.

मी इंजिनिअर नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सासऱ्यांनी टाकलेलं पत्राकामाचं शेड आहे, ते गेली बावीस वर्षं मी चालवते. बडोद्यात परदेशी विद्यार्थी पुष्कळ, त्यात आफ्रिकेतले खूप. प्रोजेक्टच्या गटात एखादा असला की विषय आपोआप तिकडचा निघतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नंबर लागत नाही म्हणून ही सगळी माझ्याकडे येतात. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, माझी फजिती सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी एका गटाला मी मक्याचे दाणे काढायचं हँडलचं यंत्र करून दिलं होतं. देखणं झालं होतं. पावडर कोटिंग, बंद बेअरिंग, पात्यांना ॲलन बोल्ट, डोक्यात षटकोनी खाच असलेले. स्पर्धेत बक्षीसही मिळालं. गटातला मलावीचा मुलगा सुट्टीत ते गावी घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याने फोटो पाठवला: यंत्र धान्याच्या खोलीत कोपऱ्यात, आणि वरच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. एक बोल्ट सैल झाला होता, तो आवळायला सहाची ॲलन की लागते, आणि ती गावात कुणाकडेच नव्हती. चार रुपयांच्या बोल्टपायी नऊ हजारांचं खुराडं झालं. मी तो फोटो प्रिंट काढून ग्राइंडरच्या वर चिकटवलाय.

तेव्हापासून माझा नियम असा: कागदावर यंत्राची रेघ मारायच्या आधी तिथल्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या पेटीचा फोटो मागवायचा. आता व्हॉट्सॲप आहे, अडचण काय? केनिया-टांझानियाकडे असल्या कारागिराला 'फुंडी' म्हणतात, आणि केनियात रस्त्याकडेला उन्हात बसून काम करणाऱ्यांना 'जुआ काली', म्हणजे कडक ऊन. त्या मलावीच्या मुलाच्या मामाच्या पेटीत काय होतं? हातोडी, छिन्नी, एक पक्कड, झिजलेली कानस, आणि दुतोंडी पाने दोन: १२-१३ आणि १६-१७. बस्स. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एकाच मापाचे बोल्ट, एम-१०, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचे, सतरा मिलिमीटरच्या पान्याने उघडणारे. "काकू, इथे एम-६ पुरेल." पुरेल रे, पण आवळणार कशाने?

हे काही मी शोधलेलं शहाणपण नाही. हातपंपांची गोष्ट बघा, ती तर आपल्याच मुलखातून सुरू होते. बोअरवेल खोदल्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर बसवलेले बिडाचे पंप पटापट मोडायचे. ते एका घरापुरते बनवलेले, आणि इथे अख्खा गाव दिवसभर हापसणार. जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या लोकांनी पोलादाचा, वेल्डिंगचा दणकट पंप केला. सोलापूर पंपाच्या त्या कल्पनेवरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला, आणि तो पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. तुम्ही गावोगाव बघता तोच, साखळीवाला. पंप उत्तम. पण आत बिघडला की लोखंडी पाइप वर ओढायचे, त्याला तिकाटणं आणि चार-सहा माणसं हवीत, शिवाय जड अवजारं. आणि आफ्रिकेत काही भागांत जमिनीतलं पाणी आम्लधर्मी, तिथे जस्त चढवलेले पाइपही गंजतात, पाणी लालसर येतं, बायका परत डबक्याकडे वळतात. म्हणून ऐंशीच्या दशकात मलावी आणि केनियातल्या कामातून 'आफ्रिडेव्ह' पंप निघाला. त्यात पाइप प्लास्टिकचा, आणि तो जागचा हलवायचाच नाही. दांडे आकड्यांनी एकमेकांत अडकवलेले, दट्ट्या आणि तळाची झडप पाइपातूनच वर येते. अवजारं म्हणाल तर एक पाना आणि झडप वर काढायचा एक आकडा. गावातल्या बाईला शिकवलं तर ती करू शकते. आपल्याला नक्कल करायचीच तर या विचाराची करा.

उलट उदाहरण हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि पाणी टाकीत चढायचं. २००६ साली चार हजार पंप बसवायची घोषणा झाली, पैसा आला, टीव्हीवर आला. पुढे काय? पोरं खेळून दमली की ते जड चक्र बायकांनाच हाताने ढकलावं लागे. ज्यांना पाणी भरायचं होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तर विचारा. गटात तिकडचा मुलगा असेल तर त्याला नाही, त्याच्या आईला विचारा, फोन लावून. तो मुलगा आठ वर्षं होस्टेलवर राहिलाय, त्याला काय ठाऊक. आम्ही विचारलं तेव्हा कळलं की मलावीत मक्याची काढणी एप्रिलपासून जूनपर्यंत, मग कणसं वाळवायची, मग आई, आजी आणि शाळेतून आलेली मुलं चटईवर बसून अंगठ्याने दाणे काढतात, किंवा पोत्यात भरून दांडक्याने बडवतात. बडवलं की दाणा फुटतो आणि फुटलेल्या दाण्याला कीड आधी लागते. अंगठ्यांना फोड येतात. यंत्र तिला हवंच होतं, पण ते घरात राहणारं, शेजारणीला उसनं देता येणारं, आणि दुरुस्ती नको असणारं. म्हणजे मोटर नको, पेडलही नको. पेडल मारून साधारण माणूस सलग सत्तर-पंचाहत्तर वॅट देतो, दिवसभर शेतात राबलेल्या बाईकडून तेही मागू नका.

म्हणून आम्ही परत नळीवर आलो. हातात धरायची नळी, आत चार पाती, कणीस घालून पिळायचं. ही आपल्याकडे जुनीच वस्तू आहे, शेतकी प्रदर्शनात दिसते. प्रोजेक्टला 'फार साधं' म्हणून गाइड नाक मुरडतात. मुरडू द्या. खरी इंजिनिअरिंग ती तिथल्या पेटीतल्या हत्यारांनी कशी बनेल यात आहे, आणि त्यावर रिपोर्टची ऐंशी पानं सहज भरतात.

आधी कणसं आणा. खंडेराव मार्केटमधला भुट्टा नको, तो कोवळा. दाहोदकडून येणाऱ्या कुणाला तरी सांगून वाळलेली कणसं मागवा, शक्य तर पांढऱ्या मक्याची, कारण मलावीत 'न्सिमा' पांढऱ्या मक्याच्याच पिठाची शिजते (केनिया-टांझानियात तिला उगाली म्हणतात, झिंबाब्वेत साद्झा). वीस कणसांची जाडी व्हर्नियरने मोजा, दाणे काढून पुन्हा मोजा. आमची दाण्यांसकट बेचाळीस ते सेहेचाळीस मिलिमीटर भरली, नुसता बुरकुंडा अठ्ठावीसच्या आसपास. पुढची मापं त्यावरून आहेत, तुमची वेगळी आली तर बदला.

सोळा गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाड, पत्रा घ्या. पट्टी २१५ मिलिमीटर लांब, ७० रुंद. तिच्यावर दर २५ मिलिमीटरला आडवी रेघ मारा: आठ घरं होतील आणि शेवटी १५ ची शेपटी उरेल. दुमडल्यावर याची अष्टकोनी नळी होते, समोरासमोरच्या बाजूंत साठ मिलिमीटर अंतर. गोल पाइप का नाही, असं प्रत्येक जण विचारतो. गोल पाइप मकरपुऱ्यात मिळतो, त्या गावात नाही. पत्रा मात्र जुन्या ड्रमचा कुठेही मिळतो. ड्रमचा पत्रा पातळ, जरा लवकर झिजतो, पण चालतो. फक्त दोन गोष्टी तिकडे लिहून पाठवा आणि इथेही पाळा: औषध फवारणीचं रसायन ज्यात होतं तो ड्रम घ्यायचा नाही, आणि पेट्रोल-डिझेल ज्यात होतं त्याला ग्राइंडर किंवा गॅस लावायचा नाही. रिकाम्या ड्रममधली वाफ भडकते. याच्यात थट्टा नाही.

आता पाती, चार. प्रत्येक पात्यासाठी ७० लांबीचा तुकडा, एका टोकाला रुंदी १९ आणि दुसऱ्या टोकाला २८. सरळ बाजूने १२ मिलिमीटर काटकोनात दुमडा, ती झाली बसायची पट्टी. उरलं उभं पातं, एकीकडे ७ उंच, दुसरीकडे १६. चारही नळीत बसल्यावर तोंडाशी ४६ ची वाट राहते आणि पलीकडे २८ ची. कणीस शिरताना सैल आणि पुढे पुढे आवळत जातं, सगळी करामत एवढीच.

इथे दरवर्षी एक चूक होते. पोरं आधी नळी दुमडतात, मग आत हातोडी घालायला बघतात, आणि मग माझ्याकडे येतात. पट्टी सपाट असतानाच पाती रिवेट करायची. घरं एक, तीन, पाच, सात मोकळी ठेवा. दोन, चार, सहा, आठ या घरांत पाती. उभं पातं घराच्या बरोबर मध्यरेषेवर आलं पाहिजे, बसायची पट्टी सगळ्यांची एकाच बाजूला. आणि सगळ्यांचं उंच टोक एकीकडेच! मागच्या साली एका हुशार मुलीने तीन बरोबर लावली आणि चौथं उलटं. कणीस आत अडकलं ते पुढूनही निघेना आणि मागूनही. शेवटी तिने ते भाजून खायचा सल्ला दिला.

रिवेट विकतचे नकोत. चार मिलिमीटर जाडीच्या खिळ्याचे तुकडे कापा. भोक पाडायला ड्रिल नसेल तर पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून पंचने पाडा, मागची धार कानशीने काढा. एका पात्याला दोन रिवेट पुरतात. खिळ्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी थोडा थोडा बाहेर ठेवून ठोकायचा. जास्त ठेवला तर वाकतो, कमी ठेवला तर डोकं धरत नाही. हे सांगून येत नाही, आठ-दहा वाया घालवा.

मग दुमडणं. मोकळं घर वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरा, रेघ बरोबर जबड्याच्या काठावर, आणि पातं असलेलं घर बाहेरून ठोकून पंचेचाळीस अंश आत वळवा. पाती आतल्या बाजूला राहतील हे आधी बघून घ्या. गावात वाइस नसतो, म्हणून लोखंडी अँगलचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून दोन एम-१० बोल्टांनी आवळायचे, तोच वाइस. आला ना सतराचा पाना? शेवटी शेपटी पहिल्या मोकळ्या घरावर येते, तिला दोन रिवेट. ते मारताना आत जाड सळईचं टोक टेकवा.

कानशीला कंटाळू नका. पात्याची कड धारदार ठेवली तर दाणा कापला जातो. नखाने कड ओढून बघा, नख अडकलं नाही पाहिजे. नळीच्या दोन्ही तोंडांच्या कडाही तशाच, कारण तिथे हात असतो. वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, खर्च पन्नास रुपयांच्या आत.

तपासायला जिमवाल्या मित्राला बसवू नका. आमच्याकडे चाचणी सासूबाई घेतात. वय शहात्तर, बोटांची पेरं सुजलेली. गेल्या हिवाळ्यात पोरांनी नळी दिली, त्यांनी डाव्या हातात धरली, कणीस निमुळत्या टोकाने आत घातलं, दोनदा पिळलं आणि नळी परत केली. "माझी मूठ मिटत नाही यावर." बस, एवढंच. पोरांनी मापं, आलेख सगळं आणलं होतं, पण मूठ कुणी मोजली नव्हती. शेवटी आमच्या जुन्या फिटरने सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीवर गुंडाळली. "बेन, हवे चालशे," म्हणाला, म्हणजे आता चालेल. जाडी वाढली पण पकड आली, हात घसरेना. मग सासूबाईंनी अर्धा तास सलग दाणे काढले, आणि अंगठ्याने काढले त्याच्या दुपटीहून थोडे जास्त भरले. तुम्ही हीच चाचणी करा: तीच बाई, तीच कणसं, अर्धा तास असं आणि अर्धा तास तसं, वजन लिहा. शंभर ग्रॅम दाणे घेऊन फुटलेले वेगळे काढा आणि तेही तोला. परीक्षकांना हेच आकडे आवडतात.

सोलणीबरोबर एक बाटलीही द्या. ओल्या मक्याचे दाणे काढून साठवले तर बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात असल्या मक्यातून ३१७ लोक आजारी पडले, १२५ दगावले. तेव्हा मका वाळला की नाही हे घरी कळायला हवं. कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मूठ-दोन मुठी दाणे आणि तव्यावर भाजून गार केलेलं चमचाभर मीठ घाला, झाकण लावून काही मिनिटं हलवा, पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन द्या, ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे. मीठ खाली सुटं पडलं तर साठवायला हरकत नाही. याला ना बॅटरी लागते, ना सेन्सर. दोन वर्षांपूर्वी एका गटाने याच कामासाठी ओलाव्याचं सेन्सर लावलं होतं, सात हजारांचं, आणि व्हायवाच्या दिवशी ते शून्य दाखवत होतं.

आता तिकडे पाठवायचं कसं? सोलण्या बनवून पाठवू नका. दहा पाठवल्या तर दहा घरांना मिळतील. पाठवायचे ते साचे: पट्टीचा एक आणि पात्याचा एक, जाड पत्र्यात कापलेले, रेघांच्या जागी खाचा पाडलेल्या. फुंडी साचा ड्रमच्या पत्र्यावर ठेवेल, खिळ्याने रेघ ओढेल, छिन्नीने कापेल. मिलिमीटर वाचायची गरज नाही. एक तयार नळी नमुन्याला. सगळं मिळून किलोभरही होत नाही, जाणाऱ्याच्या बॅगेत मावतं. फक्त चेक-इनच्या बॅगेत टाका, एकाने हातात ठेवलं आणि अहमदाबाद विमानतळावर अर्धा तास समजावत बसला.

सूचना चिचेवात, मलावीच्या भाषेत, लिहा, मुलाच्या आईकडून वाचून घ्या, आणि जिथे ती अडखळेल तिथे चित्र काढा. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रहच होता की कारागिराला धंद्याचं शिक्षण त्याच्या भाषेत मिळावं. त्याच गावात बसून तुम्ही मलावीच्या लोहाराला इंग्रजीत पीडीएफ पाठवता!

मोठं काही करायची खुमखुमी असेल तर बुर्किना फासोतल्या गांडो गावची शाळा बघा. दिएबेदो फ्रान्सिस केरे तेव्हा बर्लिनमध्ये वास्तुकला शिकत होता, शिकता शिकताच त्याने आपल्या गावची शाळा उभी केली, २००१ साली पुरी झाली. भिंती तिथल्याच मातीच्या विटांच्या, आणि छताच्या कैच्या बांधकामाच्या साध्या सळयांच्या, कारण हाताची करवत आणि छोटं वेल्डिंग मशीन एवढ्यावर गावकरी त्या बनवू शकत होते. क्रेन येणार नव्हती, तर क्रेन लागणारं डिझाइनच त्याने केलं नाही. २०२२ मध्ये त्याला प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. आणि मलावीचाच विल्यम काम्क्वाम्बा: २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता न आल्याने शाळा सुटली, तर भंगारातली सायकल, ट्रॅक्टरचा पंखा आणि गरम करून सपाट केलेल्या प्लास्टिक पाइपची पाती लावून त्याने पवनचक्की केली. तुमच्या गटातल्या मलावीच्या मुलाला त्याचं नाव सांगायला जाऊ नका, त्याला ते पाठ असतं आणि दर नवीन माणूस तेच सांगतो म्हणून तो कंटाळलेला असतो.

वेळेचं तेवढं बघा. तिकडची काढणी एप्रिलला सुरू होते, म्हणजे साचे मार्चमध्ये गावात पोचले पाहिजेत. इथे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात एकही कारीगर कामाला सापडत नाही, सगळे गच्चीवर. तेव्हा कणसं डिसेंबरात मोजून घ्या आणि पहिली नळी दहा जानेवारीच्या आत ठोका. माझ्याकडे यायचं तर दुपारी एक ते दोन, तेव्हा वाइस मोकळे असतात. बंद बूट घालून या, चपला घातलेल्याला मी आत घेत नाही. आणि त्या सायकलवाल्याच्या पेटीचा फोटो मोबाइलमध्ये नसेल तर आधी तो मागवा, मग या.